मार्शल बेटांवरच्या लोकांच्या अंगातलं रेडिएशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बेटं कुठे आहेत आणि तिथे नेमकं झालं काय?

पॅसिफिक महासागरात, हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधोमध. प्रवाळाची मोठमोठी कडी, आतमध्ये शांत उथळ समुद्र (त्याला लगून म्हणतात) आणि कड्यावर चिंचोळी बेटं, समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या देशाची लोकसंख्या ४२ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही बेटं जपानकडून घेतली, मग युनोने विश्वस्त म्हणून त्यांच्याकडेच सोपवली, आणि १९४६ ते १९५८ मध्ये तिथे बिकिनी आणि एनेवेटाक या भागात अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. सगळ्यांची मिळून ताकद साधारण १०८ मेगाटन (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाएवढी). सरासरी काढली तर बारा वर्षं रोज दीड हिरोशिमापेक्षा जास्त पडते. विश्वस्त म्हणून दिलेल्या जागेवर हे झालं, हे विसरायचं नाही.

लोक सारखं 'ब्राव्हो' 'ब्राव्हो' म्हणतात ते काय?

१ मार्च १९५४, सकाळी पावणेसात, बिकिनी. हायड्रोजन बॉम्बची चाचणी. शास्त्रज्ञांचा अंदाज ५-६ मेगाटनचा होता, झाला १५ चा, कारण त्यात जे लिथियम-७ होतं ते काही करणार नाही असं धरलं होतं आणि त्यानेही भर घातली. स्फोटात प्रवाळाचा भुगा होऊन वर गेला आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे आला. पूर्वेला राँगेलॅप होतं. तिथे आणि शेजारच्या आयलिंगिनेवर मिळून ८२ लोक होते. काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडायला लागली, अंगावर, केसांत, पिण्याच्या पाण्यात, आणि हे काय आहे ते कोणीच सांगितलेलं नसल्यामुळे पोरं त्यात खेळली. संध्याकाळपर्यंत उलट्या, खाज, डोळ्यांची आग, पुढच्या दिवसांत त्वचा भाजल्यासारखी झाली, केस गळाले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९४६ च्या चाचण्यांच्या वेळी राँगेलॅपच्या लोकांना आधी हलवलं होतं. १९५४ ला, त्याच्या कितीतरी पट मोठ्या बॉम्बच्या वेळी, नाही हलवलं. राँगरिक बेटावर अमेरिकेचे २८ सैनिक होते त्यांना २ मार्चला काढलं, राँगेलॅपच्या लोकांना ३ तारखेला, युट्रिकच्या दीडशेच्या वर लोकांना ४ तारखेला. आणि आयलुकवर सुमारे ४०० लोक होते, त्यांना तर काढलंच नाही. तिथल्या डोसचा अंदाज मर्यादेत बसतोय असं ठरवलं गेलं.

त्या वेळी डोस मोजला कसा?

मोजलाच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांच्या खिशाला बॅज असतो, त्यावरून त्या माणसाला किती रेडिएशन लागलं ते कळतं. बेटावरच्या लोकांकडे असलं काहीच नव्हतं. त्यांचा डोस नंतर काढलेला आहे : काही दिवसांनी जमिनीवर मीटरने घेतलेले आकडे, राख कधी पडायला लागली याचा अंदाज, लोक तिथे किती तास होते, यावरून मागे मागे जाऊन हिशोब. राँगेलॅपचा अंगाबाहेरून लागलेला डोस १७५ रॅड धरला गेला (रॅड म्हणजे शरीराने शोषलेलं रेडिएशन मोजायचं एकक), युट्रिकचा १४.

पण हा झाला बाहेरून लागलेला. लोक ते पाणी प्यायले होते, ती राख बसलेलं अन्न खाल्लं होतं, म्हणजे आतूनही डोस होताच आणि तिथेच खरी अडचण आहे. थायरॉईडला (गळ्यातल्या ग्रंथीला) मार देणाऱ्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, फक्त ८ दिवस, आणि त्याचे याहून लवकर संपणारे भाऊबंद तर तासांत जातात. लघवीचे नमुने घेतले ते दोनेक आठवड्यांनी, तेही अनेकांचे एकत्र करून. पुढच्या पन्नास वर्षांतली थायरॉईडच्या डोसची सगळी गणितं त्या थोड्याशा लघवीवर उभी आहेत. म्हणून कोणी अगदी ठामपणे आकडा सांगितला की मी आधी विचारतो, मोजलेला की काढलेला?

त्यांच्यावर प्रयोग केला हे खरं आहे का?

तपासणीला 'प्रोजेक्ट ४.१' असं नाव होतं आणि तो रेडिएशन लागलेल्या माणसांचा अभ्यास होता, हे कागदावर आहे. बॉम्ब मुद्दाम त्यांच्यावर टाकला का, यावर वाद आहे. १९९४-९५ मध्ये अमेरिकन सरकारच्या सल्लागार समितीने जुनी कागदपत्रं उघडली, तिला मुद्दाम केल्याचा पुरावा सापडला नाही. बेटांवरच्या खूप जणांना ते पटलेलं नाही, आणि ज्यांना वर्षानुवर्षं स्वतःचेच मेडिकल रेकॉर्ड मिळत नव्हते त्यांना ते का पटावं?

माझं म्हणणं असं की हेतूचा वाद बाजूला ठेवला तरी पुढे जे झालं ते पुरेसं आहे. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे डॉक्टर दरवर्षी जहाजाने यायचे, रक्त घ्यायचे, लघवी घ्यायचे, फोटो काढायचे आणि जायचे. ते येत होते रेडिएशनचे परिणाम बघायला. कोणाला डायबेटिस असेल, दात दुखत असेल तर त्याच्यासाठी ती फेरी नव्हती, निदान सुरुवातीची बरीच वर्षं नव्हती. समजेल अशा भाषेत रिपोर्ट मिळत नव्हता, संमती म्हणजे काय ते कोणी विचारत नव्हतं. तपासणी आणि उपचार या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्या लोकांना स्वतःच्या अंगावर कळलं.

मग १९५७ ला त्यांना परत का पाठवलं?

राहण्यालायक झालंय असं सांगून. त्याआधी १९५६ मध्येच अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या बैठकीत युट्रिकबद्दल बोललं गेलं होतं की ते रेडिएशनने प्रचंड माखलेलं आहे, आणि लोक तिथे राहिले तर माणसाच्या शरीरात किती उतरतं याची चांगली माहिती मिळेल, असंही. राँगेलॅपबद्दलच्या ब्रुकहेवनच्या त्या काळच्या अहवालातही साधारण हाच सूर आहे.

परत गेल्यावर वर्षभरात लोकांच्या शरीरातलं सिझियम-१३७ (अणुस्फोटातून येणारं, अन्नावाटे शरीरात जाणारं किरणोत्सारी द्रव्य) सुमारे ६० पट वाढलं. हे मोजलेलं आहे, काढलेलं नाही, कारण तोपर्यंत शरीरातलं रेडिएशन मोजायची यंत्रं आली होती, पुढे तर जाड पोलादी भिंतींची खोलीच्या खोली जहाजावर चढवून तिथे नेली. म्हणजे मोजायला एवढी धडपड केली आणि आकडे वाढताना दिसले तरी लोक तिथेच राहिले.

शेवटी १९८५ च्या मे महिन्यात राँगेलॅपच्या लोकांनी स्वतःच गाव सोडायचं ठरवलं. त्यांचे सिनेटर जेटन आंजाइन यांनी ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेला विनंती केली आणि 'रेनबो वॉरियर' जहाजाने तीनशेच्या वर माणसं, घरांचं सामान, सगळं क्वाजालिनमधल्या मेजाटो बेटावर नेलं. कारण विचारलं तर ते सांगायचे, १९७८ च्या पाहणीचे नकाशे आम्हाला १९८२ ला दाखवले, त्यात आमच्या उत्तरेकडच्या काही बेटांचा आकडा बिकिनीएवढा होता, आणि बिकिनी तर रिकामं केलं होतं.

थायरॉईडचं काय झालं?

१९६३ मध्ये राँगेलॅपच्या एका मुलीच्या गळ्यात गाठ सापडली. मग एकेक करत सापडतच गेल्या. १९५४ ला जी मुलं दहा वर्षांच्या आतली होती त्यातल्या बहुतेकांना पुढे गाठी झाल्या, कित्येकांची ऑपरेशनं अमेरिकेत नेऊन केली, आणि गळ्यावरचा तो व्रण पुढे राँगेलॅपच्या माणसाची ओळख झाला. दोन मुलांची तर वाढच खुंटली कारण ग्रंथी जवळजवळ नष्ट झाली होती. १९६५ पासून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या.

मुलांनाच का? ग्रंथी छोटी, आयोडीन तेवढंच, म्हणून दर ग्रॅमला डोस कितीतरी जास्त. २०१० च्या अमेरिकन नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या अभ्यासात राँगेलॅपच्या मोठ्या माणसांचा थायरॉईड डोस साधारण ७.६ ग्रे (एक ग्रे म्हणजे १०० रॅड) काढला होता, लहान मुलांचा त्याहून जास्त. आणि युट्रिकला, जिथे डोस कमी म्हणून लोकांना तीनच महिन्यांत परत पाठवलं, तिथेही नंतर गाठी निघाल्या.

बायकांच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या का?

फार उशिरा आणि फार कमी. राँगेलॅपच्या लिजॉन एकनिलांग ब्राव्होच्या वेळी आठेक वर्षांच्या होत्या. १९९५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनी साक्ष दिली, स्वतःचे सात गर्भपात सांगितले, आणि ज्यांना हाडं नाहीत, कातडी पारदर्शक आहे अशी बाळं जन्मल्याचं सांगितलं. तिथल्या बायका त्यांना जेलीफिश बाळं म्हणतात. वैद्यकीय अहवालांत या गोष्टीला फारशी जागा नाही. लोकसंख्या इतकी लहान की आकडेवारीने काही सिद्ध करणं अवघड, हे खरं आहे. पण बाईने सांगितलेलं कोणी नीट लिहूनच घेतलं नसेल तर आकडेवारीत येणार तरी कुठून?

आता शरीरातलं रेडिएशन कसं मोजतात? दुखतं का?

अजिबात दुखत नाही. 'होल बॉडी काउंटर' नावाचं यंत्र असतं, त्यासमोर खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं बसायचं. शरीरातल्या सिझियम-१३७ मधून गॅमा किरण बाहेर येतात, समोरचा डिटेक्टर ते पकडतो. प्रत्येक माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-४० असतंच, ते वेगळं ओळखता येतं. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशी यंत्रं आहेत.

मार्शल बेटांत ही यंत्रं साधारण १९९९ नंतर राँगेलॅप, एनेवेटाक आणि राजधानी माजुरो इथे बसवली गेली, अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कार्यक्रमातून, आणि चालवायला तिथलीच माणसं शिकवून तयार केली. मला ही सगळ्यात चांगली सुधारणा वाटते. यंत्र गावात आहे, चालवणारा ओळखीचा आहे, त्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येतं, रिपोर्ट हातात मिळतो. सिझियम मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत निम्मं निघून जातं, त्यामुळे दोन-तीन महिने गावचं खाऊन आलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ते लगेच दिसतं.

हे यंत्र सगळं पकडतं का?

नाही. गॅमा किरण सोडणारंच पकडतं. स्ट्राँशियम-९० हाडात जाऊन बसतं, ते यात दिसत नाही, प्लुटोनियमही नाही. प्लुटोनियमसाठी चोवीस तासांची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतात, तिथे अतिसंवेदनशील यंत्राने अगदी थोडे अणूसुद्धा मोजता येतात. स्वच्छता करायला, खणायला, बांधकामाला गेलेल्या कामगारांसाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण प्लुटोनियमचा धोका मुख्यतः धुळीतून श्वासावाटे असतो.

नारळातच एवढं सिझियम का येतं?

हे समजलं की पुढचं बरंच समजतं. आपल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या मातीत चिकणमाती असते, ती सिझियमला धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. प्रवाळाच्या बेटावर चिकणमाती नाहीच, सगळा चुना आणि पालापाचोळा, शिवाय पोटॅशियम अगदी कमी. झाडाला पोटॅशियम हवं असतं, सिझियम रासायनिकदृष्ट्या त्याच्यासारखंच, मग झाड ते ओढून घेतं. शहाळं, खोबरं, नीरफणस, केवड्याच्या जातीचं फळ, आणि हे सगळं खाणारा मोठा नारळखेकडा, म्हणजे रोजचं जेवणच.

उपाय त्यातच सापडला. लिव्हरमोरच्या लोकांनी बिकिनीवर झाडांना पोटॅशियम क्लोराईड घातलं, आपले शेतकरी ज्याला म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतात तेच, आणि नारळातलं सिझियम आधीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं. शिवाय माती खरवडून काढली तर प्रवाळ बेटावरचा सुपीक थर जातो आणि झाडंच जगत नाहीत, त्यामुळे घरांच्या आसपास माती बदलायची आणि बागेत पोटॅश घालायचं असा मार्ग राँगेलॅपला धरला. पण पोटॅश परत परत घालावं लागतं. जहाज वर्षातून किती वेळा येतं, खताचे पैसे कोण देणार, हे विचारल्याशिवाय हा उपाय पूर्ण होत नाही.

बिकिनीचे लोक एकदा परत गेले होते ना?

हो. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं की बिकिनी आता सुरक्षित आहे. नवे नारळ लावले, घरं बांधली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबं गेली. पण नारळात किती सिझियम उतरेल याचा अंदाज चुकला होता, लावलेली झाडं फळं द्यायला लागली आणि लोकांच्या शरीरातले आकडे चढले. १९७८ मध्ये सगळ्यांना परत हलवलं.

याआधी हेच लोक १९४६ ला राँगरिकला नेले होते तिथे खायला पुरेना, मग काही महिने क्वाजालिन, मग १९४८ पासून किली, जिथे लगूनच नाही आणि खवळलेल्या समुद्रात महिनोन्‌महिने होडी घालता येत नाही. आज बिकिनीवर त्यांची कायम वस्ती नाही.

किती डोस सुरक्षित धरतात?

यावर दोन आकडे आहेत आणि भांडण तिथेच आहे. बेटांच्या अणुदावा न्यायाधिकरणाने (भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने) स्वच्छतेसाठी वर्षाला ०.१५ मिलीसीव्हर्टची (शरीराला होणाऱ्या अपायाच्या हिशोबाने डोस मोजायचं एकक) मर्यादा धरली, कारण अमेरिकेत अमेरिकन नागरिकांच्या बाबतीत पर्यावरण खातं तीच धरायचं. राँगेलॅपच्या पुनर्वसनाच्या करारात मर्यादा १ मिलीसीव्हर्ट आहे. बिकिनीसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९८ मध्ये हिशोब दिला : फक्त तिथलंच अन्न खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलीसीव्हर्ट, त्यामुळे आहे तशा स्थितीत कायमची वस्ती नको. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी बिकिनीवर बाहेरचा गॅमा मोजला तो वर्षाला १८४ मिलीरेम, म्हणजे १.८४ मिलीसीव्हर्ट आला, तोच एकटा १ च्या वर.

पण आता रिपोर्ट तर चांगले येतात असं ऐकलं, मग लोक घाबरतात कशाला?

हा प्रश्न बऱ्याचदा वैतागून विचारला जातो म्हणून जरा सविस्तर. हो, आज जी माणसं तपासणीला बसतात त्यांचे आकडे बहुतेक वेळा खूप कमी येतात. पण ते कशामुळे कमी येतात ते बघा. तांदूळ, मैदा, डबाबंद मांस, डबाबंद मासे, सगळं जहाजाने आलेलं. जो माणूस स्वतःच्या झाडाचा नारळ खात नाही त्याच्या शरीरात नारळातलं सिझियम येणार नाहीच. आणि त्याच जेवणामुळे देशात डायबेटिसचं प्रमाण जगात फार वरच्या क्रमांकावर गेलंय. काउंटरच्या रिपोर्टवर डायबेटिसचा रकाना नसतो. तेव्हा कमी आकडा खरा आहे, पण तो एका अटीवर खरा आहे, आणि ती अट त्या माणसाने घातलेली नाही.

दुसरं म्हणजे 'सुरक्षित' हा शब्द त्यांनी १९५७ ला ऐकला, १९६८ ला ऐकला. विश्वास परत मिळवायचा तर मोजणारा कोण, नमुने कोण ठरवणार, आकडे आधी कोणाला कळणार, हे बदलावं लागतं. स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा हक्क गावाला पाहिजे, आणि तो गावाने निवडलेला पाहिजे. २०१७ मध्ये देशाने स्वतःचा राष्ट्रीय अणुआयोग काढला तो याच कारणाने, आणि माझ्या मते तो मजबूत करणं हे नवीन यंत्र आणण्याइतकंच गरजेचं आहे.

रुनिटचा घुमट फुटणार आहे का?

एनेवेटाकची स्वच्छता १९७७ ते १९८० मध्ये झाली, जवळपास चार हजार अमेरिकन सैनिक-कर्मचारी राबले. दूषित माती तिथल्या रुनिट बेटावर १९५८ च्या एका स्फोटाच्या खड्ड्यात भरली आणि वर साधारण ४६ सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट घातलं, तोच हा घुमट. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी आतून जातं-येतं. त्यातल्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य २४ हजार वर्षं आणि समुद्र वर चढतोय. तज्ज्ञ हेही सांगतात की लगूनच्या तळाच्या गाळात घुमटापेक्षा जास्त दूषित द्रव्य आधीपासूनच आहे, म्हणून फक्त घुमटाचे फोटो बघून चालणार नाही, पाणी, मासे आणि दक्षिणेकडच्या बेटांवर राहायला आलेली माणसं यांची मोजणी चालूच ठेवावी लागेल.

कॅन्सर किती जणांना झाला?

अचूक नावं कोणी देऊ शकत नाही, रेडिएशनचा कॅन्सर इतर कॅन्सरसारखाच दिसतो. २०१० च्या त्याच अभ्यासाने अंदाज दिला की १९४८ ते १९७० मधल्या सुमारे २५ हजार लोकांमध्ये चाचण्यांमुळे जास्तीचे साधारण १७० कॅन्सर, म्हणजे एकूण कॅन्सरच्या १.६ टक्के. देशाच्या सरासरीत हे लहान दिसतं, पण राँगेलॅपच्या त्या ८२ जणांमध्ये हिस्सा फार मोठा आहे, आणि सरासरी काढली की तेच लपतं. उपचाराचं म्हणाल तर केमो-रेडिएशनसाठी पेशंटला होनोलुलू किंवा मनिलाला न्यावं लागतं.

भरपाई मिळाली का?

ठरली खूप, मिळाली थोडी. अमेरिकेबरोबरच्या १९८६ च्या करारात १५ कोटी डॉलरचा निधी होता, न्यायाधिकरणाने २ अब्ज ३० कोटींहून जास्त मंजूर केले, निधी आटला, २०१० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. २०२३ च्या नव्या करारात ७० कोटी डॉलर ठरले.

बाकीच्या बेटांचं काय?

फ्रान्सने पॅसिफिकमधल्याच मोरुरोआ आणि फांगाटाउफा इथे १९६६ ते १९९६ मध्ये १९३ चाचण्या केल्या, ब्रिटन आणि अमेरिकेनेही किरितिमातीवर (ख्रिसमस बेटावर) चाचण्या केल्या. तिथेही मोजणी कोणाच्या हातात, हाच वाद आहे.

भारताचा यात काही संबंध?

आहे, दोन बाजूंनी. ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवायचा करार करा अशी मागणी केली. त्याच महिन्यात मार्शल बेटांच्या लोकांनी युनोकडे अर्ज दिला. साठ वर्षांनी, २०१४ मध्ये, याच छोट्या देशाने अण्वस्त्रं असलेल्या देशांना हेगच्या न्यायालयात खेचलं, त्यात भारतही होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ९ विरुद्ध ७ मतांनी न्यायालयाने भारताविरुद्धचा दावा ऐकायलाच नकार दिला. आपल्या पेपरांत तेव्हा कोपऱ्यात बातमी आली होती, फार थोड्यांच्या लक्षात आहे.

जे लोक अमेरिकेत गेले त्यांची तपासणी कोण करतं?

हजारो जण आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेल गावात राहतात, बरेच कोंबडीच्या कारखान्यांत काम करतात. दोन्ही देशांच्या त्या करारामुळे त्यांना व्हिसाशिवाय राहता येतं, पण १९९६ च्या कायद्याने त्यांचं मेडिकेड गेलं, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि तो परत मिळायला डिसेंबर २०२० उजाडला. मधल्या चोवीस वर्षांत ज्यांना गळ्यात गाठ लागली त्यांनी डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं असेल तर नवल नाही. तिथल्या डॉक्टरांसाठी साधी गोष्ट : पेशंट मार्शल बेटांचा असेल तर कुठल्या बेटाचा, १९५४ ला कुटुंब कुठे होतं, आणि गावाला शेवटचं कधी राहून आला, हे तीन प्रश्न विचारा आणि मग गळा तपासा.